यादीतून गळलेली सदतीस माणसं

पहिल्यांदा मला त्याचे फक्त पाय दिसले.

मी खालून चहा पिऊन वर आले, नोंदणी विभागाचं दार ढकललं, आणि बघते तर काय — माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले! एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा. माझं डोकं तापलं. माझ्या खोलीत, माझ्या टेबलाखाली, मला न विचारता?

“कोण आहे तिथे? बाहेर या आधी!”

धाडकन आवाज झाला. टेबल हादरलं, पेनांचा डबा आडवा झाला, आणि टाळू चोळत एक माणूस सरपटत बाहेर आला. केसांत जळमट, हातात वायरचं टोक.

“तुमचा... प्लग सैल होता,” तो म्हणाला.

“आणि तुमचा स्क्रू?”

त्याने यावर खरंच विचार केला. डोळे बारीक करून, जणू मी फार गंभीर प्रश्न विचारला होता. मग हळूच हसला. “तोही असेल. पण तो मला कोणी... दुरुस्त करायला सांगितलेला नाही.”

बोलताना तो असा मध्येच थांबायचा. पुढचा शब्द हातात घेऊन, उलटसुलट बघून, मगच खाली ठेवायचा. मला त्याची भयंकर चीड आली. मला वाक्यं संपलेली आवडतात.

“तुम्हाला पाठवलं कोणी?”

“व्यवस्थापकांनी. यादीत माणसं... दोन-दोनदा येतात म्हणे.”

झालं. नेमकं वर्मावर बोट.

ती यादी माझी होती. आमचं डोळ्यांचं रुग्णालय. ज्यांची बुबुळं पांढरी पडून दिसेनासं झालंय, अशी माणसं आमच्या नेत्रपेढीत नाव नोंदवून जातात आणि वाट बघत बसतात. कोणी मरणानंतर डोळे दिले, की ते बुबुळ थोड्याच दिवसांत कोणाला तरी बसवावं लागतं. मग यादी काढायची, वरून सुरुवात करायची, ज्याचा नंबर असेल त्याला बोलवायचं. शस्त्रक्रिया करायची की नाही हे डॉक्टर ठरवणार. पण पाळी कोणाची, ते माझी यादी ठरवणार.

सहा वर्षांपूर्वी मी लागले तेव्हा ती एका फाटक्या रजिस्टरात होती. संगणकावरच्या डेटाबेसमध्ये ती मी आणली. शिकवायला कोणी नव्हतं. मदतीचं बटण दाबून दाबून शिकले. सुरुवातीला तारखा साध्या मजकुरासारख्या भरल्या, तर संगणक त्या पहिल्या आकड्यावरून लावायला लागला. महिना आणि साल गेलं खड्ड्यात. कालच नोंद झालेला माणूस चार वर्षं थांबलेल्याच्या पुढे! ते मीच शोधलं, मीच निस्तरलं. नावावरून माणूस ओळखायला गेले, तर एकाच नावाचे एक सुतार आणि एक निवृत्त मास्तर एकमेकांत मिसळून गेले. तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिला. सगळं रुग्णालय मला ‘यादीबाई’ म्हणायचं. थट्टेनेच म्हणायचे, पण मी ते पदवीसारखं मिरवायचे.

आणि आता हा — धड मोज्यांची जोडी न जमणारा माणूस — माझी यादी सुधारणार!

“यादीला हात लावायचा नाही,” मी सांगून टाकलं. “काय करणार ते आधी मला सांगायचं. हो की नाही, ते मी ठरवणार.”

“बरं.”

“आणि एक प्रत बाजूला काढून ठेवल्याशिवाय काही बदलायचं नाही.”

“काढली आहे.”

“मला न विचारता?”

तो टाळू चोळत उभा राहिला. “तुम्ही रोज... अशाच असता, की आज माझं नशीब?”

“रोज,” मी म्हणाले, आणि खुर्चीत बसले. माझ्याच खुर्चीत. त्याच्यासाठी कोपऱ्यातलं डुगडुगणारं स्टूल होतं.

पहिले दोन दिवस तो त्या स्टुलावरच बसला. तक्रार नाही, कुरकुर नाही. थंडीचे दिवस होते. खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत यायचा. दुसऱ्या दिवशी मी आले तर फटीत जुन्या वर्तमानपत्राची घडी घट्ट कोंबलेली. “तुमच्या कामांच्या यादीत हे नव्हतं,” मी म्हणाले. “पण तुमची बोटं... गार पडत होती,” तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. मी टंकताना माझ्या बोटांकडे बघत होता म्हणजे! त्यानंतर दिवसभर माझ्या हातून अक्षरं चुकत राहिली.

तिसऱ्या दिवशी त्याने दोनदा येणाऱ्या माणसांचं कोडं सोडवलं.

“फोनचं टेबल वेगळं केलंत, ते छान केलंत.”

“मला माहीत आहे.” टेबल म्हणजे संगणकातला तक्ता. पूर्वी एकाच टेबलात फोनचे तीन रकाने होते. कोणाचा चौथा नंबर आला की लिहायला जागा नाही. आणि ज्याचा एकच, त्याचे दोन रकाने ओस. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी माणसांचं टेबल आणि फोनचं टेबल वेगवेगळं केलं होतं, आणि क्रमांकावरून दोन्ही जोडून यादी काढणारी क्वेरी लिहिली होती. क्वेरी म्हणजे संगणकाला विचारलेला प्रश्न. त्या प्रश्नावर मी स्वतःच इतकी खूश होते की घरी जाऊन आईलासुद्धा समजावून सांगितला होता.

“फक्त काय होतं... ज्याचे तीन फोन, तो यादीत तीनदा. प्रत्येक फोन आपल्या माणसाला हाताला धरून घेऊन येतो.”

“मग?”

“प्रत्येकाचा एकच मुख्य फोन धरायचा. बाकीच्यांनी घरी बसायचं.”

सोपं होतं. मला सुचायला हवं होतं. त्या दुपारी माझी खुर्ची त्याला दिली आणि मी स्टुलावर बसले. त्याने ते पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

“हा रकाना कसला?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “विवाहित की अविवाहित... निम्मे रिकामेच आहेत. काहींमध्ये शून्य आहे.”

“शून्य म्हणजे अविवाहित. रिकामं म्हणजेही तेच धरा.”

“नाही हां. फरक आहे.” पहिल्यांदाच तो न थांबता बोलला. “शून्य म्हणजे विचारलं, आणि उत्तर ‘नाही’ आलं. रिकामं म्हणजे कोणी विचारलंच नाही.”

“असं?” मी पेन दातात धरलं. “आणि तुमच्या रकान्यात काय आहे?”

“रिकामं.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणाच्या तरी काठीचा टकटक आवाज येत होता. तो लांब गेला, थांबला, तरी आम्ही दोघं स्क्रीनकडेच बघत होतो. स्क्रीनवर काहीही हलत नव्हतं.

“तुमच्या?” त्याने विचारलं.

“आमच्याकडे मामा भरतोय तो रकाना,” मी म्हणाले. “रविवारी.”

खरंच होतं ते. वडील गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द मामाचा. त्याने एक स्थळ आणलं होतं. माणसं चांगली, मुलगा चांगला, सगळं चांगलं, फक्त त्यांना नोकरी करणारी सून नको होती. “संगणकात नावं भरण्यात असं काय मोठं आहे?” मामा म्हणाला होता. आईने मान खाली घालून ताट पुसलं होतं. मी ‘बघू’ म्हणाले होते. मी! जिला वाक्यं संपलेली आवडतात, तीच मी ‘बघू’ म्हणाले होते.

शुक्रवारी नवी यादी तयार झाली. एकही माणूस दोनदा नाही. त्याने आकडा वाचला, “पाचशे पंचाहत्तर.”

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी माणसांचं टेबल उघडलं, खाली आकडा बघितला. सहाशे बारा.

“माझी सदतीस माणसं कुठे गेली?”

“कुठली?”

“टेबलात सहाशे बारा आहेत. तुमच्या यादीत पाचशे पंचाहत्तर. तुम्ही माझी सदतीस माणसं खाल्लीत!” मी उभीच राहिले. आठवडाभर मऊ पडत चाललेली मी, एका क्षणात पुन्हा कडक. “म्हणूनच म्हटलं होतं, हात लावू नका! दुरुस्ती म्हणे! ही दुरुस्ती?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. त्याचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, सापडला चोर.

“तपासून बघू या,” तो अगदी हळू म्हणाला. “तुम्हीच बघा. जुन्या प्रतीत बघा... मी हात लावायच्या आधीच्या.”

मी जुनी प्रत उघडली. माझी क्वेरी, दोन वर्षांपूर्वीची. टेबलात आहेत पण यादीत नाहीत अशी माणसं मागितली. सदतीस ओळी आल्या. जुन्या प्रतीतही सदतीस. एकेक ओळ वाचत गेले. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख. फोन — एकाचाही नाही.

मग सगळं कळलं.

दोन टेबलांच्या मध्ये स्क्रीनवर एक बारीक रेघ असते. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की तीन पर्याय येतात. पहिला म्हणतो, दोन्हीकडे सापडतील तेवढेच घ्या. दुसरा म्हणतो, डावीकडचे सगळे घ्या, उजवीकडे काही असो वा नसो. मी पहिलाच तसाच ठेवून दिला होता. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांना फोनच्या टेबलात जोडीदार सापडला नाही, आणि माझ्या लाडक्या क्वेरीने त्यांना गुपचूप वगळलं. बोलावण्याची पत्रंही त्याच यादीवरून छापली जात. दोनदा येणारा माणूस सगळ्यांना दिसतो, त्याची ओरड होते. न येणारा कोणालाच दिसत नाही. दोन वर्षं.

“यातल्या किती जणांची पाळी... येऊन गेली?” मी विचारलं.

त्याने क्वेरी लिहिली. अकरा.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले. “मी ओरडत होते तेव्हाच तुम्हाला कळलं होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीत? तोंडावर सांगायचं, बाई, ही चूक तुझी आहे!”

“तुम्ही शोधाल,” तो म्हणाला, “याची मला खात्री होती.”

मी रेघेवर दोनदा क्लिक केलं. दुसरा पर्याय निवडला. सहाशे बारा. एका क्लिकचं काम! मग मी सदतीस नावांचा कागद छापला आणि तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. तो मागोमाग आला. मी बोलावलं नव्हतं.

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. आठ दिवसांवर तपासणीचं पथक येणार होतं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे बघा यादीबाई. घाबरू नका. या सदतीस जणांचे नवे अर्ज भरून घ्या. आजची तारीख घाला. यादीत आले, प्रश्न मिटला. कोणाला काही कळायचं कारण नाही.”

“आजची तारीख? यातले काही पाच वर्षं थांबलेत!”

“मग आणखी थोडं थांबतील. आणि तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. चूक कोणाची, हे कोणी विचारलं तर?”

“तर मी सांगेन, माझी.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे,” मी म्हणाले. “तारीख बदलणार नाही. ती माझी नाही, त्यांची आहे.”

ते त्याच्याकडे वळले. “तुम्ही तरी समजवा. तुमच्या अहवालात एवढंच लिहा, दुहेरी नावं काढली, यादी स्वच्छ आहे. तुमच्या मालकांशी मी बोलतो.”

मालक म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, हे मला तेव्हा कळलं. त्याने मान हलवली. हो की नाही, कळेना. वाक्यसुद्धा नाही, नुसती मान! मी ताडताड बाहेर पडले. जिन्यात त्याने गाठलं.

“अकरा पत्ते आहेत,” तो धापा टाकत म्हणाला. “सगळे याच शहरातले. माझ्याकडे स्कूटर आहे. रविवारी... अरे, रविवारी तुमचं ते... रकाना...”

मी थांबले. खालच्या पायरीवर तो, वरच्या पायरीवर मी. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर आले. पापण्यांवरसुद्धा धूळ होती त्याच्या.

“सकाळी आठला,” मी म्हणाले. “दारात हॉर्न वाजवा. मोठ्याने.”

त्याने वाजवला. मामा आदल्या दिवसापासून आमच्याकडे मुक्कामाला होता. तो गॅलरीत आला, खाली वाकून बघितलं. “कुठे निघालीस? अकराला माणसं येणार आहेत!”

“त्यांना सांग, मुलगी कामावर गेलीय,” मी जिना उतरता उतरता ओरडले. “तेच त्यांना चालत नाही ना? सोपं झालं!”

मागे आई दारात उभी होती. धावत येऊन तिने माझ्या गळ्याला मफलर गुंडाळला, आणि आत गेली.

त्या दिवशी आम्ही अख्खं शहर पालथं घातलं. मी मागे बसून पत्ते वाचत होते, तो गल्ल्या चुकत होता.

“डावीकडे म्हटलं ना!”

“तुम्ही हाताने उजवीकडे दाखवलंत...”

“मी तोंडाने सांगितलं ते ऐकायचं! हाताकडे कशाला बघता?”

“सवय लागलीय,” तो म्हणाला. वारा होता, हेल्मेट होतं, तरी मला अगदी नीट ऐकू आलं.

पहिल्या घरी कुलूप. दुसऱ्या घरी एक शिवणकाम करणाऱ्या बाई. त्या हाताच्या स्पर्शाने कापडाची शिवण चाचपून मशीन चालवत होत्या. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी पायडल थांबवलं. “म्हणजे मला विसरला नव्हतात. मला वाटलं, आमच्यासारख्यांना विसरतातच.” “विसरलेच होते,” मी म्हणाले. “मी विसरले होते. आता नाही.” त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दोरा ओवायची सुई माझ्या बोटांत दिली. मी दोरा ओवून दिला. दुसरं काय करणार होते मी?

पाचव्या घरी दार एका सुनेने उघडलं. “सासऱ्यांसाठी आलात? ते गेले. मागच्या थंडीत.” त्यांची पाळी त्याच्याही आधी, उन्हाळ्यात येऊन गेली होती. तोही हिशेब माझ्या हातातल्या कागदावर होता. मला तिथून निघून जाता आलं असतं. तिला काहीच माहीत नव्हतं. मी उंबऱ्यातच उभी राहून सांगितलं. “शेवटी शेवटी नातवाचा चेहरा हाताने चाचपायचे,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. हळूच. तेच जास्त लागलं.

कोपऱ्यावर एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीवर मी बसले आणि रडले. त्याने रुमाल पुढे केला नाही, समजूत घातली नाही. शेजारी बसला. एवढा जवळ की त्याच्या स्वेटरची लोकर माझ्या मनगटाला लागत होती.

“मेहुण्यांचा फोन आला होता काल,” तो म्हणाला. “अहवाल बदल म्हणाले. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस.”

“मग?”

“मी नाही म्हणालो.”

“का? तुमची काय चूक होती यात? तुम्ही कशाला...”

“मला लहानपणापासून ‘नाही’ म्हणायला वेळ लागतो. तोपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. आणि तुम्ही त्या खोलीत उभ्या राहून... एका दमात...” तो थांबला. शब्द शोधत राहिला. मी पहिल्यांदाच त्याला शोधू दिला. “मला वाटलं, हिच्या शेजारी उभं राहायचं असेल तर... सरळ उभं राहायला हवं.”

“तू वेडा आहेस,” मी म्हणाले.

‘तू’ कधी तोंडातून गेलं, मलाच कळलं नाही. त्याला कळलं. तो असा हसला की समोरून जाणारी बाईसुद्धा वळून बघून हसली.

“ऊठ,” तो म्हणाला. “अजून सहा राहिलीत. आणि आता... डावीकडे सांगशील तर डावीकडेच वळेन.”

शेवटचे होते एक घड्याळजी. दोन वर्षं दुकान बंद. त्यांनी मला पूर्ण बोलूसुद्धा दिलं नाही. “दोन वर्षं? एका रेघेपायी?” भिंतीवरची घड्याळं थरथरतील असे ओरडले. जे जे बोलायचं ते बोलले, आणि मी ते सगळं ऐकून घेतलं. मग दम लागून खाली बसले. “आता कधी यायचं, ते सांग.”

सोमवारी मोठ्या मॅडमच्या खोलीत बैठक झाली. मोठ्या मॅडम म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर. चार वाक्यांच्या वर कोणाचं ऐकत नाहीत. मी तीनच बोलले. चूक काय झाली, कोणी केली, आणि आता काय करायला हवं. चौथं व्यवस्थापकांनी सुरू केलं, “मॅडम, नवे अर्ज भरून घेतले तर पथकाला...”

“पथक दोन तासांसाठी येणार,” मी मध्येच म्हणाले. “ही माणसं पाच-पाच वर्षं थांबलीत. त्यांच्या तारखा बदलायच्या असतील तर मला आधी काढा, मग बदला. माझ्या हाताने होणार नाही.”

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. “तुमचा अहवाल?”

त्याने दोन पानं पुढे ठेवली. “सगळं लिहिलंय. आमच्या फर्मच्या नावाने नाही. फर्मने मला... परवा काढलं. माझ्या नावाने आहे.”

मॅडमनी दोन्ही पानं वाचली. मग मला म्हणाल्या, “चूक लेखी देणार?”

“सही करून आणलीय.”

तारखा जशा होत्या तशाच राहिल्या. दहा जण यादीच्या वर आले. जे गेले, त्यांच्या घरी मॅडमनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. यादी यापुढे दर महिन्याला दोघांनी मोजायची, टेबलात किती आणि यादीत किती, असा लेखी नियम झाला. पथकाला सगळं उघड दाखवायचं ठरलं. आणि माझ्या सेवापुस्तकात ठपका बसला. मी तो वाचून सही केली. योग्य होता.

बाहेर आलो तर कॉरिडॉरमध्ये मामा उभा! रविवारी आम्ही परतायच्या आतच तो तणतणत आपल्या घरी निघून गेला होता, आणि तो राग त्याने रात्रभर मुरवून आणला होता. बाकांवर डोळ्यांना हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं बसली होती. ती सगळी कान टवकारून ऐकायला लागली.

“घरी आलेल्या माणसांसमोर मान खाली घालायला लावलीस! कोणाबरोबर गेली होतीस दिवसभर? हा कोण?”

“हा?” मी म्हणाले. आणि मग, मामा, मॅडमचं दार, हिरव्या पट्ट्या — सगळ्यांसमोर, “याच्याशी मी लग्न करणार आहे.”

एका बाकावरून कोणीतरी “अरे वा!” म्हणालं.

मी त्याच्याकडे बघायचं धाडस केलं. त्याला मी काही विचारलंच नव्हतं! त्याचे कान पेटले होते. त्याने घसा खाकरला, मामाला हात जोडले. “नमस्कार. मी... सध्या बेकार आहे.”

मामाने कपाळावर हात मारला. “तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?”

“तू नको दाखवूस, आम्हीच जातो,” मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला. गार पडला होता, घाम सुटला होता, पण त्याने माझा हात असा घट्ट धरला की बोटं दुखली.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा आमच्या आधीच रिक्षाने पोचला होता आणि बोलून बोलून थकला होता. आईने आम्हाला बसा म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. एक टॉवेल झटकला, त्याच्याकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत.

“ही ओरडते,” आई म्हणाली. “फार. माहीत आहे ना?”

“हो.”

“मग तेव्हा तुम्ही काय करता?”

“ऐकतो... आणि मग तपासून बघतो, तिचं बरोबर आहे का.”

“असतं?”

“बहुतेक वेळा.”

“बहुतेक?” मी उसळले.

“एकदा नव्हतं,” तो आईकडेच बघत म्हणाला. या वेळी कुठे थांबला नाही, एकही शब्द उलटून बघितला नाही. “तेव्हा तिने सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे. मी तिथेच ठरवलं होतं. विचारायला जरा उशीर करत होतो, तोवर हिने सांगूनच टाकलं.”

मामाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“दादा, तू थांब जरा,” आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. मग टॉवेल माझ्या हातात दिला, स्वयंपाकघराकडे वळली, आणि तिथूनच म्हणाली, “चहात साखर किती घेता?”

तो गोंधळला. माझ्याकडे बघायला लागला.

“दोन चमचे,” मी आतल्या दिशेने ओरडले. “आणि आई, यापुढे त्याला ‘तू’ म्हण!”